साइट नंबर चार

उलव्याहून बाटली आली, कोल्ड्रिंकची, बूच सैल.
चिकटपट्टीवर बॉलपेनने:
बोअरचं पाणी. साइट चार. टाइल धरत नाही.
खाली तिरकी सही, दामाजी तांडेल.

रबाळ्याच्या लॅबमध्ये दुपारचा एसी बंद होता.
मी पावडर आधी आमच्या पाण्यात सोडली.
उलट्या काळजाची आहे ही,
गारव्यात विरघळते आणि तापवली की थिजते.
बावन्न अंशांपर्यंत नळी नितळ,
पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

मग उलव्याचं पाणी.
चाळीसलाच धुकं धरलं,
चव्वेचाळीसला दही.
नळी उपडी केली, थेंब पडला नाही,
फक्त कडेकडेने पाणी सुटलेलं,
नासलेल्या दुधाला सुटतं तसं.

मीठ पावडरीला हातही लावत नाही.
ते पाण्याला आपल्याकडे बोलावतं, एवढंच.
इतका वेळ साखळ्यांना बिलगलेलं पाणी
उठून जातं,
आणि उघड्या पडलेल्या साखळ्या
मिळेल तिला धरून बसतात.

खात्री म्हणून बाकीच्या बरण्या काढल्या.
सल्फेट चिमूटभर, अडतीसलाच गच्च.
आयोडाइड मात्र वेगळ्याच घरचं,
त्याच्या संगतीत साठाच्या पुढेही
नळी वाहतीच.
सगळ्यांच्या झाकणावर मीठच लिहितो आम्ही.

संध्याकाळी बाबांना फोन केला.
तीस वर्षं आगरात फावडं ओढलेला माणूस.
"साइट चार म्हंजे खाडीकडची ना?
वर डबर टाकलाय गो, खाली मीठच हाय.
तुला यंत्र कशाला लागलं?
जिभेला लावायचं."

लावलं नाही. लॅबचा नियम आहे.
रिपोर्टमध्ये लिहिलं, गोडं पाणी वापरावं.
तांडेल फोनवर हसला,
"मॅडम, गोड्या पाण्याचा टँकर
इथं प्यायलाच दिवसाआड येतो.
स्लॅबवर दुपारी बादलीत हात घालवत नाही,
इतकी तापते."

वाक्य खोडलं.
लिहिलं: पहाटे कालवावे. ऊन चढण्याआधी लावून संपवावे.
सही केली, मढवी.

दिवे मालवताना रॅकवर नळी दिसली,
गार झालेली, पुन्हा नितळ.
दही असेल म्हणून बेसिनवर बेफिकीर उपडी केली
तर सगळं मनगटावरून कोपरापर्यंत.