दिलगीर आहोत

पहिलं नारिंगी पिंप आलं
तेव्हा इत्सेल दुसरीत होती,
आणि ह्यूस्टनमधलं आमचं घर
हायवेपासून चार गल्ल्या आत.
आता फडताळातल्या कपबशा
रात्रभर ट्रक मोजतात.

'फक्त दोन वर्षं. दिलगीर आहोत.'
पाटीवरचा आकडा उन्हानं खाल्ला,
दिलगिरी तेवढी दरसाल रंगवून जातात.

शेजारचे मिस्टर ख्वान
एक्झिट हलवल्यापासून
चर्चला जायला चर्चकडे पाठ करून निघतात,
प्रार्थना गाडीतच उरकतात.
वादळानं अंगणात आणून टाकलेल्या पिंपात
मी मिरच्या लावल्या.
मागायला अजून कोणी आलं नाही.

इत्सेल त्याच कामावर लागली.
हेल्मेट, जड बूट,
हातात काठी: एका बाजूला 'हळू', दुसरीला 'थांबा'.
ती येते तेव्हा मी झोपलेली,
मी उठते तेव्हा ती गेलेली.

गाठ पडते ती सात चाळीसला, बंद लेनपाशी.
मी काच खाली करते,
फॉइलमधले दोन तमाले पुढे करते.
मागचा ट्रकवाला हॉर्नवर हातच ठेवतो.

"आई, निघ आता," म्हणते,
आणि काठी फिरवते
'थांबा'कडे.

मैलभर गाड्या खोळंबतात.
मी विचारते, मिरची झोंबली का गं?