शनिवारचा बेत

डॉन्कास्टरच्या स्वयंपाकघरात, रात्रपाळीहून परतल्यावर,
गॅसच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर मी लिहिलं : लंडन.
खाली रेघ मारली, आणि डब्याचं झाकण वाजल्यासारखे
घरातले सगळे टेबलाशी जमले.

शर्विलला डायनासोरची हाडं हवीत.
रेवाला दुमजली बस, वरचा मजला, अगदी पुढची सीट,
आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं असलं तर
त्यांना काय सांगायचं, तेही तिचं पाठ आहे.
हेमंत फोनवर तिकिटं तोडतोय :
पीटरबरोपर्यंत एक, तिथून पुढे वेगळं,
उतरायचं नाही, फक्त कागदावर उतरायचं.
"सव्वीस पौंड वाचले," तो म्हणतो,
बोअरला पाणी लागल्यासारखा.

आईचा प्रश्न एवढाच, की मध्ये संडास कुठे कुठे आहेत.
मी हसले.
मग तासभर नकाशात तेच शोधत बसले.
साठी उलटलेल्यांचं शहर वेगळंच असतं :
राजवाडा, पूल, घड्याळाचा मनोरा,
ही सगळी एका शौचालयापासून
दुसऱ्यापर्यंतची वाट.

बाबा गप्प.
चाळीस वर्षं भूकरमापक. पाटण, कराड, मग पुन्हा पाटण.
सोळा आण्यांची साखळी ओढत त्यांनी
भावाभावांच्या मधून सरळ रेषा नेली,
शिव्या खाल्ल्या, कधी ताकही प्यायले.
"तुम्हाला काय बघायचंय, बाबा?"
"शून्य," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, ऐकू आलं नसावं.
"ग्रिनिच. पृथ्वी जिथून मोजायला घेतात ते.
आमचे सगळे नकाशे शेवटी तिथेच जाऊन टेकतात.
एकदा पाय ठेवून येतो."

टेकडी आहे हो तिथे, हेमंत म्हणाला, चढ आहे.
बाबांनी गुडघ्याकडे असं पाहिलं
जसं गैरहजर राहिलेल्या शिपायाकडे बघावं.
"मध्ये बाक असतीलच ना?"
मी लिहिलं : बाक.

तेवढ्यात शर्विल, फोनमधून मान वर न काढता :
"आबा, पण ती रेघ चुकीची आहे.
उपग्रहांचं शून्य तिथे नाहीच.
पूर्वेला आहे, एकशेदोन मीटर."

चहा गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.
मी ऑपरेशन थिएटरमध्ये असली शांतता ऐकलीय,
मोजणीत एक चिमटा कमी भरला की पसरते ती.
मग बाबांचे खांदे हलायला लागले.
हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.
"म्हणजे हद्द सरकली! आणि साहेबाच्याच दारात!
नोटीस बजावली होती का लगतच्या खातेदारांना?
पंचनामा कुठाय?"
"झालं," आई म्हणाली, "आता इथलेही बांध उकरा."

रात्री त्यांनी बॅग उघडली.
मेतकूट, सांडगे, गोळ्यांची पाकिटं,
आणि तळाशी, धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला
तीस मीटरचा टेप.
म्हणजे बेत आमच्याआधीच ठरला होता,
कराडहून निघतानाच, तेवीस किलोत बसवून.

"तीन वेळा पूर्ण लावायचा, वर बारा मीटर.
मला दोन्ही शून्यं बघायचीत.
सरकारी मोजणी तपासल्याशिवाय मी सही करत नाही."

दुसरं टोक धरायला कोण, यावरून
आता जिन्यात भांडण चाललंय.
रेवा म्हणते ती लहान आहे म्हणून ती,
शर्विल म्हणतो शोध त्याचा आहे.
मी काही बोलत नाही.
पाटणच्या एका उताराच्या शेतात, सुट्टीत,
ते टोक मी धरलंय. ढेकळात पाय रुतले होते.
"ताण दे, ताण दे," ते लांबून ओरडत होते,
आणि मधली हवा किंचित थरथरत होती.

बिलावर आता जागा नाही.
धपाटे किती, ते समासात लिहिलंय.
डायनासोरचं अजून ठरायचंय.