हातचा

जुलैचा बर्फ. मोखोत्लोंगच्या दवाखान्यातला हीटर
एका वेळी एकाच पायाला ऊब देतो.
न्थाबेलेंग मोसिया २०३१ सालात बसली आहे.
खिडकीबाहेर ते साल अजून पोचलेलं नाही;
तिथे सेकाके घोड्यावरून उतरतोय,
खोगिराच्या पिशवीत सात डब्या, सात जणांची थुंकी,
फुटू नये म्हणून जुन्या घोंगडीत गुंडाळलेली.

तिच्या पडद्यावर पाच चौकोन.
निरोगी. लागण झालेले. औषधाला दाद देणारे.
दाद न देणारे. बरे.
चौकोनांमधून बाण, प्रत्येक बाणावर एक आकडा,
आणि प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी दारात उभं राहून
मोजणाऱ्याला सांगितलेलं,
"हो हो, गोळ्या रोज घेतो."

जंतूचं गणित सोपं असतं, ती शिकाऊ नर्सना सांगते.
शंभर मारायला गेलो, नव्व्याण्णव मेले.
उरला तो हातचा.
पुढच्या रकान्यात तो धरायला आपण विसरतो.
तो नाही विसरत.

बाबा दर डिसेंबरात वेल्कमच्या खाणीतून यायचे :
एक रेडिओ, साखरेचं पोतं, खोकला.
नाक्यावरचा शिपाई रेडिओ उलटासुलटा करून बघायचा.
खोकल्यावर जकात नव्हती.

मोलेफीनं चौथ्या महिन्यात गोळ्या सोडल्या.
तळपायात निखारे घालून
बारा तास उभं राहता येत नाही, म्हणाला,
आणि गेला, त्याच खाणीकडे.
इथे तो "सोडून गेलेले : शंभरात अठरा" यात आहे.
आज तिनं अठराचे सतरा केले. सहज. बघावं म्हणून.
रेघ केसभर खाली आली.
त्या केसभरात, २०३१पर्यंत, या खोऱ्यातली
अकरा माणसं आजारीच पडली नाहीत.
ती अकरा कोण, हे यंत्र सांगत नाही.
तिनं परत अठरा लिहिले.

सेकाके डब्या टेबलावर मांडतो, हात चोळतो.
"काय म्हणतंय तुझं यंत्र?"
"वाढणार."
"बर्फाचा अंदाज आला की मी घोडा आत बांधतो.
तुझा आला की काय आत बांधायचं?"

तिला कार्यशाळेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या,
आणि नंतर मेंढीचं मटण होतं.

ती उठून खिडकी उघडते.
हीटर आता बिनकामाचा. घोडा बाहेर फुरफुरतो,
त्याच्या श्वासाचं ढग होऊन आत येतं,
ते ती उगाच मोजते, किती वेळ टिकतं.

मग फोन घेते. हा नंबर कुठल्याच बाणावर नाही.
चौथ्या रिंगला कुणीतरी उचलतं.
आधी खोकला येतो.
मग, बऱ्याच वेळानं, "हॅलो."