'स' यादी

फेब्रुवारी संपत आला.
क्षेत्रीय कार्यालयातून दोनदा फोन :
ताई, तुमची 'स' यादी तेवढी राहिलीय.

कागद घेतला. हाताला वळण पडलेलं,
तो मला न विचारता लिहीत सुटला :
बाकडी, नग चाळीस.
पेव्हर ब्लॉक, परवा बसवलेले उचकटून नवे.
स्वागत कमान, एक.
दिशादर्शक फलक, बारा
(आमच्याकडे पत्ता विचारला की आधी
तुम्ही इथवर चुकलात कसे याची उलटतपासणी होते,
म्हणून फलक).

गोवईकरांचं पत्र आलं होतं, सतरावं.
फलकावर 'नगरसेविका'तला 'वि' दीर्घ पडलाय,
लोकप्रतिनिधीने निदान स्वतःचा हुद्दा शुद्ध लिहावा.
सोबत झेरॉक्स, लाल पेनाने गोल.
त्यांच्या सोसायटीत दिवसातून दोनदा पाणी येतं.
शुद्धलेखनाला तेवढं पाणी लागतंच.

कालव्यापलीकडे, चढावरच्या वस्तीत
शेवते पहाटे साडेतीनला व्हॉल्व्ह फिरवतो,
पुरुषभर उंचीची चावी, थंडीत हाताला चिकटणारी.
चाळीस मिनिटं.
वरच्या ओळीपर्यंत जाता जाता
पाण्याची नुसती हवा होते,
नळ शिट्टी घालतो.
शेवते म्हणतो, पाणी बी माणसासारखंच हाय ताई,
उतार दिसला की तिकडंच बघतं.

त्याच वस्तीत उभी होते, सकाळी सातला,
हातात वही, मागे दोन कार्यकर्ते,
त्यातला एक फक्त फोटोसाठी.
महिला स्वच्छतागृहाच्या भिंतीवर माझं नाव,
ग्रॅनाइटमध्ये, सोनेरी अक्षरं.
गयाबाई कसबेनं कचऱ्याची ढकलगाडी टेकवली, वाचलं,
म्हणाली, नाव झ्याक लागलंय.
आता आतनं कडी लावा.

आठ दारं. कडी एकालाही नाही.
बायका आत बसतात एक पाय लांब करून, दाराला रेटून.
ज्यांचा पाय पुरत नाही त्या पोरी
बाहेर मैत्रीण उभी करतात.
मैत्रीण नसेल तर बादली.
बादली नसेल तर अंधार पडेपर्यंत थांबतात.
तिथे दिवाही नाही, तेवढीच सोय.

ज्युनिअर इंजिनिअरला विचारलं, कडी कुठल्या हेडमध्ये बसेल?
बिचारा खरंच शोधत बसला, फाईलमागून फाईल.
शेवटी म्हणाला, ग्रॅनाइट बसतो, कडी बसत नाही,
फारच छोटी आहे, ताई.

बोहरी आळीत गेले. रिक्षाने, एकटी.
आठ कड्या, बत्तीस स्क्रू, एक पेचकस.
दुकानदार म्हणाला, बिल कुणाच्या नावावर?
जिभेवर सगळं आलं : मा., सौ., नलिनीताई, पासलकर, प्रभाग.
म्हटलं, रोख.

सुतार म्हणजे शेवत्याचा मेहुणा.
पाच कड्या बसल्या.
सहाव्या दाराची चौकटच कुजलेली,
स्क्रू फिरतच राहिला.
तिच्यापाशी आम्ही तिघंही थोडा वेळ नुसतेच उभे.

रात्री यादी पुन्हा काढली.
बाकडी खोडली. कमान खोडली.
मग कमान परत लिहिली, बारीक अक्षरात :
ठेकेदार ह्यांचा भाऊ, वर्षभर घरात बोलला नसता.
सगळ्यात वर, वरच्या ओळीसाठी पंप.
त्याखाली दिवे. त्याखाली सहावी चौकट,
हेड मिळेल तेव्हा मिळेल.
आणि समासात, गोवईकरांचा 'वि', ऱ्हस्व.

सकाळी जाऊन पहिलं दार हलवून पाहिलं,
कडी धरतेय का.
धरत होती.
आतून बारीक आवाज आला, घाबरलेला नव्हता :
कोण आहे?

कुणी नाही, म्हटलं.
बस निवांत.