वतीने

मार्लिस कोस्केला पहिल्यांदा आली ती मार्चमध्ये,
बुटांना चिकटलेला बर्फ माझ्या काउंटरपाशी वितळवत.
पिशवीत ओहायोचा हुकूमनामा:
टोलेडोच्या न्यायाधीशांची सही आणि उठावाचा शिक्का,
बोट फिरवलं की लागतो तसला.

"हा इथे चालतो ना?"
चालतो, म्हटलं. आधी नोंदवावा लागतो.
आमच्या वहीत त्याला म्हणतात परका निवाडा.
साडेपाचशे मैलांवरचा कागद, मध्ये एक लांबच लांब पूल.
परका या शब्दावर ती जरा थांबली.
"नवरा परका झाला," म्हणाली,
"तेव्हा कुणी नोंद मागितली नव्हती."

टोलेडोत सगळं वाटून झालं होतं.
काचेच्या कारखान्यातली त्याची पेन्शन, अर्धी.
घराचे पैसे, कर्ज वजा जाता.
कुत्रा तिला. बोट त्याला, ट्रेलरसकट.
आणि इथली, आमच्या तळ्याकाठची दोन खोल्यांची केबिन,
मागच्या सौनासह,
तिला.

पण जमीन हट्टी असते.
परराज्यातल्या न्यायाधीशाचं ती ऐकत नाही.
ओहायोचं कोर्ट वर्नच्या हाताला सांगू शकतं, लिहून दे.
मिशिगनच्या मातीला सांगू शकत नाही, हिची हो.
आणि वर्नचा हात काही लिहीना.

एप्रिलमध्ये नोटीस गेली, तशीच परत आली.
जूनमध्ये तो स्वतः आला, वकिलाशिवाय,
इस्त्रीचा शर्ट, अंगठ्याला पट्टी.
"पेन्शन न्या. बोटसुद्धा न्या.
त्या सौनाचे ओंडके माझ्या बापानं तासलेत.
माझ्या हातानं ते जायचे नाहीत."
न्यायाधीश ओस्टरहाउट बाईंनी चष्मा काढला.
"मी पुन्हा वाटणी करायला बसलेली नाही, मिस्टर कोस्केला.
ती झालीय. मला ती फक्त पोचवायचीय."
चौदा दिवस दिले.
चौदा दिवसांत आमच्याकडे डासांची एक पिढी होऊन जाते.

पंधराव्या दिवशी हुकूम माझ्या टेबलावर:
प्रतिवादी सही करण्यास नकार देत आहे, सबब
हक्कसोडपत्रावर त्याच्या वतीने
कोर्टाच्या क्लार्कने सही करावी.

क्लार्क म्हणजे मी, आयला रिंतामाकी.
सव्वीस वर्षं शिक्के मारतेय,
लग्नाच्या दाखल्यांवर, मासेमारीच्या दंडांवर.
आधी रद्दी कागदावर पेन चालवून पाहिलं.
मग लिहिलं: वर्न कोस्केला यांच्या वतीने.
खाली माझं नाव.
त्याचा नकार तसाच शाबूत होता,
जिथे होता तिथे.
कागदावर मात्र तो कुठे दिसत नव्हता.

रात्री भांडी घासताना रेइनोनं विचारलं, गप्प का?
म्हटलं, आज एका माणसाचा हक्क मी सोडला.
त्यानं माझ्या हातातली ओली बशी घेतली, पुसली,
आणि चुकीच्या फळीवर ठेवली.
एकतीस वर्षं तो तिथेच ठेवतो.

सप्टेंबरात मार्लिस आली, नोंदीची प्रत न्यायला.
सोबत पत्र्याची बादली, दोन्ही हातांनी उचललेली.
"सौनाच्या भट्टीतले दगड.
त्याच्या बापानं सुपीरियरच्या काठावर वेचलेले.
हे हुकमात येतात का?"

मी हुकूम काढला. चष्मा लावून वाचला, दोनदा.
इमारत, आणि इमारतीला कायमचं जोडलेलं सर्व काही.
दगड सुटे असतात, म्हटलं.
"मला तसंच वाटलं होतं," ती म्हणाली,
आणि पावती न मागता गेली.

यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही.
वर्नला फोन केला. त्यानं उचलला,
पूर्ण ऐकलं, ठेवला.
बादली माझ्या टेबलाखाली आहे.
पाय लागला की दगड एकमेकांवर सरकतात
आणि जुन्या धुराचा वास येतो.
काल पहिला बर्फ भुरभुरला.
पार्किंगमध्ये ट्रक थांबल्यासारखा वाटला, तर मी
खिडकीपाशी जाऊन येते.