निमंत्रक

हॅलिफॅक्सच्या दुकानात, डिसेंबरच्या काळोख्या चारला,
रॉय अ‍ॅकरॉइड टोपी काढून बसले.
वय एक्क्याऐंशी. वधू डोरीन, अठ्ठ्याहत्तर.
कागद जाड हवा, म्हणाले,
तिची बोटं थरथरतात, पातळ निसटतो.

मी विचारलं, निमंत्रक कोण लिहू?
ते हसले. वर कुणी उरलंच नाही, पोरी,
आम्हीच आता वडीलधारे.

मला आठवली आमची पत्रिका:
सतराशे साठ काका-आत्या, आणि तळाशी
चिल्ल्यापिल्ल्यांची ती एक तिरकी ओळ.

तीच टाकली, इंग्रजीत, निळ्या शाईत:
‘आमच्या आजोबांच्या लग्नाला यायचं हं!’
खाली चारही नातवंडं.

प्रूफ वाचून ते गप्प.
मग म्हणाले, पाचवंही घाला. मार्चमध्ये येतंय.
नावाची जागा मोकळी सोडा.