सेकंदकाटा

घड्याळ घेताना दुकानदाराला म्हटलं,
अडखळत चालणारा काटा नको,
सेकंद मोजायचेत.
तो म्हणाला, कोणाचे, सिस्टर?

काय सांगणार.
प्रसूतिगृहातलं जुनं घड्याळ
कायम पावणेचारवर.
म्हणून आमच्या रजिस्टरात
पिंपळनेरची पुष्कळ बाळं
पावणेचारच्या आसपासच जन्मली.

ठगूबाई त्या घड्याळाच्याही आधीची.
एका पहाटे नातसुनेला घेऊन आली
टेम्पोतून, डांबर संपतं तिथून पुढे उचलून.
बाळ रडलं. मी चिमट्याकडे हात नेला,
तिनं मनगट धरलं:
"थांब माय, घाई काय शे?
आजून बोली ऱ्हायनी ती."

ती म्हणजे नाळ.
निळसर, पिळाची,
तिच्या दोन बोटांखाली खरंच उडत होती.
मी हात सोडवून घेतला आणि कापली,
अठरा वर्षं कापत होते तशी:
शिकवलं तसं,
आणि पलीकडच्या खाटेवर दुसरी कळा देत होती म्हणून.

डॉक्टर बेडसे हसले नाहीत.
म्हणाले, ठगूबाईचं म्हणणं पुरावा नव्हे.
तुमचंही नव्हे, सिस्टर.

मग वही. मग धुळ्याची समिती,
तिनं कागद दोनदा परत पाठवला.
मग बंद पाकिटं, आत चिठ्ठी:
लगेच,
किंवा तीन मिनिटं.
फोडायच्या आधी मनाला विचारायचं नाही
हे मला सगळ्यात अवघड गेलं.
एखादं लालबुंद, गुटगुटीत बाळ
हातात असताना
चिठ्ठीत निघायचं: लगेच.

तीन मिनिटं फार मोठी असतात.
शिकाऊ मुलगी हातमोजे ओढत उभी.
बाई विचारते, काय झालं वं, काय झालं?
काही नाही, बाई. थांबलोय.
थांबणं हेही काम असतं
हे कोणत्याच ड्यूटी-तक्त्यात लिहिलेलं नाही.

सहा महिन्यांनी टाचेतला एक थेंब.
त्यासाठी पाड्यापाड्यांवर गेले, स्कूटी गेली तिथवर,
पुढं चपला हातात घेऊन पांझरेतून.
एकवीस घरांना कुलूप:
माणसं गुजरातेत ऊस तोडायला.
तक्त्यात त्यांच्या जागी आडवी रेघ.
बेडसे म्हणाले, एवढी गळती चालते.
चालते.
क्रमांक नव्वद, पुनीबाईची मुलगी,
उजव्या कानामागं तीळ,
ती रेघ नव्हती.

राखेवरून ठगूबाईशी भांडण झालं.
नाळेच्या देठाला शेणीची राख लावायची तिची रीत.
त्यासाठी मी पाकिटं भरली नाहीत.
ती पाकिटं धनुर्वातानं कधीच फोडलेली,
तिच्याच एका भाच्याच्या नावानं.
तीन आठवडे बोलली नाही.
मग एक दिवस कळण्याची भाकरी घेऊन आली,
राखेचं नाव काढलं नाही,
मीही नाही.

फरक निघाला.
दशांशचिन्हाच्या पलीकडचा, इवलासा,
पण लोहाचा.
नंतर कळलं, दूर कुठं चांगल्या कागदावर
हे आधीच छापलेलं होतं,
फक्त आमच्या चढापर्यंत आलं नव्हतं.
मला राग यायला हवा होता.
आला तो अठरा वर्षांचा,
आणि माझाच.

निबंधाच्या शेवटी संदर्भ द्यायचे होते.
ठगूबाईला कसं लिहायचं,
वर्ष नाही, पान नाही,
बेडसेंनाही सुचेना.

परवा ती पुन्हा आली, पणतीच्या वेळेस.
डोळ्यांत आता मोतीबिंदू.
घड्याळाकडे पाठ करून
नाळेवर दोन बोटं ठेवून उभी राहिली.
मी काट्याकडे बघत होते.
"आते निजनी वं माय," ती म्हणाली.

दोन मिनिटं एकेचाळीस.

मी तीन होईपर्यंत थांबले.
वहीत दोन्ही लिहिले.